कातडीचा एक तुकडा

मी त्या प्राण्याला चुकीचे नाव दिले आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून आले: ‘किनाऱ्यावर स्पर्म व्हेलचे पिल्लू’. आमच्या भागात प्राणिशास्त्र शिकवणारा मीच, त्यामुळे माझा शब्द कोणी पारखून पाहिला नाही.

पोचलो तेव्हा तो जिवंत होता. काहीजण त्याला मोरी, म्हणजे शार्क, समजत होते. एक म्हातारा रापणकर म्हणाला, “मोरी नाय सर. मोरयेची शेपटी उभी आसता, हेची आडवी.” त्याचे बरोबर होते; पण डोके चौकोनी आणि खालचा जबडा आत दडलेला पाहून मी लगेच स्पर्म व्हेल ठरवून मोकळा झालो. स्पर्म व्हेलचे पिल्लू जन्मतःच चार मीटरच्या आसपास असते. हा माझ्या उंचीहून फारतर हातभर लांब होता. पिल्लाचे ते माप मी वर्गात शिकवत आलो होतो, तरी टेप काढली नाही.

मग आम्ही त्याला शेपटीला धरून ओढले आणि पाण्यात लोटले. तो परत आला. पुन्हा लोटले. शेपटीला धरून ओढल्यास सांधे निखळू शकतात. सावली करून, अंगावर ओली फडकी टाकून, श्वासाचे छिद्र मोकळे ठेवून पशुवैद्यकाची वाट पाहायला हवी होती. वाळूवर तांबूस तपकिरी द्रव पसरला, तो मी रक्त समजलो. दुपारपर्यंत तो प्राणी गेला.

पुरण्यासाठी खड्डा काढून झाल्यावर वनरक्षकाने विचारले, “सर, नमुना घ्यायचा आहे का?” मी नाही म्हणालो. स्पर्म व्हेल ओळखीचा, त्याचा नमुना कशाला, असे मला वाटले. माझी खरी चूक ती.

काही महिन्यांनी फोटो पुन्हा पाहताना डोळ्यामागे फिकट चंद्रकोर दिसली, माशाच्या कल्ल्यासारखी. ती कोगियाची खूण. कोगिया हे स्पर्म व्हेलचे छोटे नातलग, खोल समुद्रात माकूल खाऊन राहणारे, जिवंत क्वचितच दिसणारे. घाबरले की आतड्यातल्या पिशवीतून तांबूस तपकिरी द्रव सोडतात. म्हणजे तो द्रव बहुधा रक्त नव्हताच. भेदरलेल्या जिवाचा तो बचाव असावा. आम्ही मात्र त्याला ओढतच राहिलो.

कोगियाच्या जाती दोन, ड्वॉर्फ आणि पिग्मी. ड्वॉर्फचा पाठीवरचा पर उंच आणि साधारण मध्यावर, पिग्मीचा ठेंगणा आणि मागे सरकलेला. खालच्या जबड्यातले दातही पिग्मीला जास्त. माझ्या फोटोंत पर माणसांच्या पायांआड आहे आणि तोंड मिटलेले. पुढच्या पावसाळ्यात किनारा धुपला, हाडेही मिळाली नाहीत. तो दोहोंपैकी कोणता, हे आता कधीच कळणार नाही.

ड्वॉर्फ जातीचे पहिले वर्णन आपल्याच देशातल्या प्राण्यावरून झाले. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचा नमुना वॉल्टर इलियट यांनी मिळवला आणि त्यावरून १८६६ साली रिचर्ड ओवेन यांनी जात मांडली. पुढे अनेक दशके शास्त्रज्ञ तिला पिग्मीच समजत राहिले. १९६६ मध्ये चार्ल्स हँडली यांनी दोन्ही पुन्हा वेगळ्या केल्या, त्या कवट्या आणि मोजमापे जपलेली होती म्हणून. न्यूझीलंडमध्येही असेच झाले. २०१० साली व्हेलची एक मादी आणि पिल्लू वाहून आले. त्यांना ग्रेज बीक्ड व्हेल समजून पुरले, पण ऊतींचे नमुने आधी घेतले होते. डीएनए तपासल्यावर ते स्पेड-टूथ्ड व्हेल निघाले. तोवर ही जात फक्त हाडांच्या तीन अवशेषांवरून माहीत होती. नाव तिथल्या लोकांचेही चुकले होते. फरक इतकाच की त्यांची चूक दुरुस्त करता आली.

वर्तमानपत्राला मी दुरुस्ती पाठवली. ती छापली, आतल्या पानावर चार ओळींत. वनखात्याच्या नोंदीत आता ‘कोगिया, जात अनिश्चित’ असे आहे.

किनाऱ्यावर असा प्राणी दिसला तर त्याला ओढू नका, श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि वनविभागाला ताबडतोब कळवा. मेलेला असेल तर शेजारी काठी ठेवून आख्ख्या अंगाचे, पराचे आणि डोक्याचे बाजूने फोटो काढा. आणि माझ्यासारखा कोणी शिकलेला माणूस तिथे उभा राहून नाव सांगू लागला, तर पुरण्याआधी वनखात्याला नमुना घ्यायला लावा.