होनाचा मोह

आज पुन्हा डबा उघडला. कापसात ठेवलेला सोन्याचा ‘शिवकालीन होन’. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मुलीच्या फीसाठी ठेवलेली रक्कम मोडून घेतला होता. हातात घेताच डोळे भरून आले, आणि तिथेच फसलो. भिंगाखाली कडेला साच्याची जोडरेषा दिसते, अक्षरांभोवती ओतकामाचे बारीक खड्डे. ठोकून पाडलेल्या नाण्याला अशी रेषा नसते. अस्सल होन अतिशय दुर्मीळ, म्हणून तर नकलांचा एवढा सुळसुळाट!

डब्यात तळाशी आजोळच्या परसात सापडलेली तांब्याची शिवराई आहे. झिजलेली, ‘छत्र’ कडेला अर्धवट उमटलेलं. किंमत शे-दोनशे रुपये. पण ही किती हातांतून फिरली असेल!

नव्या संग्राहकांनो, आधी जाणकाराला दाखवा, मगच पैसे मोजा.