प्रत्यय आणि आडनांव

मनुष्याच्या नांवापेक्षां त्याचें आडनांव अधिक जुनें असतें, आणि आडनांवाच्या शेवटीं लागलेला प्रत्यय त्याहूनही कितीतरी जुना असतो. माझें आडनांव लोहार. आमच्या घरांतला भाता पणजोबांबरोबर थंडावला. वडील पोस्टांत कारकून होते, आणि मी शाळेंत संस्कृत शिकवितों. तरीही एका कचेरींत नांव सांगतांच समोरच्या गृहस्थांनीं, "काय, अजून ऐरण आहे ना घरीं?" असें हंसून विचारलें. मला राग आला. पण रागाहून कुतूहल अधिक वाटलें. जो शब्द मुळांत 'लोखंडाचें काम करणारा' एवढेंच सांगत होता, तो काम सुटल्यावरही पिढ्यान् पिढ्या माणसाला कां चिकटून राहावा? त्याच सुमारास मीं लॅटिन भाषेचा अभ्यास आरंभिला होता. तेथें या प्रश्नाशीं माझी पुन्हां गांठ पडली.

'करणारा' या अर्थाचे लॅटिनमध्यें दोन प्रत्यय प्रमुख आहेत. पहिला 'तोर'. तो धातूला लागतो. दोकेरे म्हणजे शिकविणें, त्यावरून दोक्तोर म्हणजे शिक्षक. पास्केरे म्हणजे चारणें, त्यावरून पास्तोर म्हणजे मेंढपाळ. कांहीं धातूंपुढें त्याचेंच 'सोर' होतें. कुर्रेरे म्हणजे धांवणें, म्हणून धांवणारा निरोप्या तो कुर्सोर. संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर तो हाच. संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. पाणिनीचा तृच् प्रत्यय त्यांना ठाऊक आहेच. आपले दाता आणि जनिता, तर लॅटिनचे दातोर आणि गेनितोर. स्त्रीलिंगीं आपलें जनित्री, तर त्यांचें गेनेत्रिक्स. हे शब्द कोणीं कोणाकडून उसने घेतलेले नाहींत. एकाच प्राचीन मूळभाषेचा वारसा दोन्ही घरांत स्वतंत्रपणें उतरला आहे.

पुढें जें घडलें तें मला फार मौजेचें वाटतें. लॅटिन मोडून फ्रेंच भाषा घडत असतां बहुतेक नामांचें प्रथमेचें रूप लोपलें आणि द्वितीयेचें टिकलें. पास्तोरेम् या द्वितीयेपासून जो फ्रेंच शब्द झाला, तो आपण पाश्चर या आडनांवांत ऐकतों. पण पास्तोर ही प्रथमाही त्या भाषेंत वेगळ्या वेषानें जगली. तिचा उच्चार आपल्या कानांना जवळजवळ 'पात्र' असा लागतो, आणि अर्थ तोच, मेंढपाळ. माणसांना हांक मारतांना प्रथमेचेंच रूप तोंडीं येई, म्हणून अशा शब्दांत तें क्वचित् तगलें, असें भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. आपल्याकडे तरी निराळें काय झालें? दाता ही प्रथमा; दातारम् या द्वितीयेंतला 'आर' मात्र मराठी दातारांत राहिला. भर्ता आणि भ्रतार यांचेंही तसेंच. लुई पाश्चर (१८२२–१८९५) यांनीं मेंढ्या राखल्या नाहींत. त्यांचे वडील चामडीं कमावीत, आणि ते स्वतः रसायनशास्त्रज्ञ झाले.

दुसरा प्रत्यय 'आरिउस'. हा धातूला न लागतां नामाला लागतो. फेर्रुम् म्हणजे लोखंड. त्यावरून फेर्रारिउस म्हणजे लोहार. स्पॅनिश भाषेंत तो एर्रेरो झाला, पोर्तुगीजमध्यें फेर्रेइरो झाला, आणि इटलींत त्यावरून फेरारी हें आडनांव निघालें. मुलें वह्यांवर ज्या तांबड्या मोटारीचीं चित्रें काढतात, तिचे जनक एन्झो फेरारी (१८९८–१९८८) हे असे आमचेच आडनांवबंधु! योगायोग असा कीं त्यांच्या वडिलांचा मोडेना येथें धातुकामाचाच कारखाना होता.

माझ्या मतें 'तोर' हा एखाद्या कृतीकडे बोट दाखवितो, 'आरिउस' नित्याच्या धंद्याकडे. म्हणून दुसरा कुळाला अधिक लौकर चिकटतो. परंतु पहिलाही त्यांतून सर्वस्वीं सुटला नाहीं. इंपेरातोर म्हणजे आज्ञा करणारा. रणांत जय मिळविणाऱ्या सेनापतीला त्याचे सैनिक या नांवानें गौरवीत. ऑगस्टसनें तें आपल्या नांवांतच गोंविलें, आणि पुढें तें सम्राटाचें बिरुद झालें. मग बापाच्या पाठीमागें तख्तावर बसणाऱ्या मुलालाही तें आयतें मिळूं लागलें. राजवाड्यांतलें बिरुद कोणालाही खुपत नाहीं, ऐरणीचें मात्र खुपतें. लोहकारांतला 'क' झिजून आम्ही लोहार झालों. पण त्याच 'कार'पासून बनलेल्या चित्रकाराला किंवा पत्रकाराला आजोबांचा धंदा कोणी विचारीत नाहीं.

पोर्तुगीजांनीं हाच प्रत्यय 'एइरो' या रूपानें गोव्यांत आणला. त्यांचा पादेइरो, म्हणजे पाव करणारा, कोंकणींत पोदेर झाला. सकाळीं सायकलीचा भोंगा वाजला कीं घरोघर "पोदेर आयलो" असें म्हणतात आणि भांडें घेऊन दाराशीं येतात. त्याचें आडनांव काय, हें बहुतेकांना माहीतही नसतें. उद्यां ती टोपली दुसऱ्या कोणीं सायकलीवर बांधली, तर उद्यांपासून पोदेर तो.