नाव न ऐकलेल्यांचा अल्बम

महिन्यातून एकदा मी जुगार खेळतो. बँडकॅम्पवर जायचं आणि कधी नावही न ऐकलेल्या कलाकाराचा अल्बम नुसतं कव्हर बघून विकत घ्यायचा. बायको म्हणते, "फुकट ऐकायला मिळतंय की सगळं!"

मिळतं ना. पण २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात १००० स्ट्रीम नाहीत, त्याला रॉयल्टी नाही. म्हणजे गाणं नऊशे वेळा वाजलं तरी हिशेबात शून्य. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के घेतं, आणि ठरावीक शुक्रवारी तेही सोडतं. मार्च २०२० मध्ये कोरोनाने कार्यक्रम बंद पाडले, तेव्हा ही प्रथा सुरू झाली.

खरं सांगतो, माझे निम्मे अल्बम फसले. दोन तर परत लावलेच नाहीत. पण गेल्या महिन्यात एक घेतला, नुसती गिटार आणि मागे पाऊस. तीन रात्री तेच ऐकत होतो. कलाकाराला आभाराच्या दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, "या महिन्यात विकत घेणारे तुम्ही पहिलेच."

त्या दिवशी तारीख होती २७.

तमाशातली दौलतजादा बदनाम असेल, पण पैसा डोळ्यांदेखत फडावर पडायचा. आपण रसिक म्हणवतो, तर महिन्याला एक अल्बम जड आहे का हो?