चाळीस शब्दांची चाळणी

अमेरिकेत स्थायिक व्हायचंय? मग आधी वाचून दाखवा! असा कायदा तिथे १९१७ साली झाला. सोळा वर्षांवरच्या माणसाला कुठल्या तरी एका भाषेतले ३० ते ४० शब्द वाचता आले पाहिजेत. वरवर पाहिलं तर यात वावगं काय? शिकलेली माणसं कुणाला नको असतात?

पण या अटीची कुळकथा वाचायला लागलो आणि चक्रावलो. १८९६ मध्ये हेन्री कॅबट लॉज यांनी सिनेटमधल्या भाषणात सरळच सांगून टाकलं होतं की याचा फटका इटालियन, रशियन, पोलिश, ग्रीक, आशियाई लोकांना बसेल; इंग्रजी बोलणाऱ्यांना, जर्मनांना फारसा नाही. म्हणजे कोण नको ते आधीच ठरलं होतं, परीक्षा मागाहून शोधली!

क्लीव्हलंड (१८९७), टाफ्ट (१९१३) आणि विल्सन (१९१५ व १९१७) या तीन अध्यक्षांनी ही अट नाकारली. विल्सन यांचा मुद्दा मला फार पटला. जो संधी शोधत येतोय, त्याला शिक्षणाची संधी आधीच मिळालेली असली पाहिजे, हा कुठला न्याय? पण १९१७ मध्ये तिथल्या संसदेने त्यांचा नकार डावलला.

हे वाचताना आजी आठवली. घरातल्यांना ठाऊक आहेच, तिला अक्षरओळख नव्हती. पण दुधाचा, किराण्याचा महिन्याचा हिशेब तोंडपाठ, दुकानदाराची चूक पकडायची. तिच्या लहानपणी मुलीला शाळेत घालायचं कुणाच्या मनातच आलं नाही. त्यात तिचा काय दोष?

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्याच कायद्यात आशियाचा एक मोठा पट्टा वर्ज्य ठरवला, आणि त्यात आपला हिंदुस्थानही होता. विद्यार्थी, डॉक्टर, व्यापारी अशांना सूट होती. पण इथला मजूर चार भाषा घडाघडा वाचत असला तरी त्याला दार बंदच! ते १९४६ साली किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. युरोपातून येणारेही वाचायला शिकून येऊ लागले, परीक्षेत फारसे कुणी अडकेनात. मग १९२१ आणि १९२४ मध्ये देशवार कोटेच ठरवले.

असो. तेव्हापासून कुठलीही 'साधी, वाजवी' अट ऐकली की मी मनात एकच प्रश्न विचारतो. ही अट उद्या सगळ्यांनी पुरी केली, तर दार खरंच उघडणार आहे का?