बऱ्हाणपूर–अंकलेश्वर : एक यादी

बऱ्हाणपूरचा राजघाट. समोर तापी, पलीकडे जैनाबाद, पाठीशी सातपुडा. पात्रात एक दगडी हत्ती आहे. पूर किती चढला ते गाव त्याच्याकडे पाहून सांगतं. इथून मोटारसायकल पश्चिमेला काढली की रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा करत रस्ता अंकलेश्वरला उतरतो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला नदी, आणि शेवटी नर्मदेचं मुख आणि खंबातचं आखात. या वाटेवरून, आणि वाटेवर धावणाऱ्या गाड्यांमधून, ज्या गोष्टी गेल्या किंवा निघाल्या आहेत त्यांची ही यादी. यातली प्रत्येक गोष्ट गाडी चालवणाऱ्याला काहीतरी सांगत होती.

किलोमीटरचा दगड

डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर खेड्याकडे जाणारी ग्रामसडक. खाली पुढच्या गावाचं नाव आणि आकडा. रुंदीकरणात दगड उखडले जातात आणि वर मोठ्या हिरव्या पाट्या लागतात. पाटीवर शहरं असतात. दगडावर पाच किलोमीटरवरचं खेडंही असायचं.

गेरू-चुन्याचे पट्टे

रस्त्याकडेच्या निंबांच्या आणि चिंचांच्या खोडांना बांधकाम खातं गेरू आणि चुना लावत असे. रात्री हेडलाइटमध्ये ते पट्टे एकामागून एक उजळायचे. पट्ट्यांची रांग जिकडे वळली तिकडे रस्ता वळला, हे लांबूनच कळायचं. दिवसा हीच झाडं सावली धरायची. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात दुपारी दुचाकी चालवलेल्या माणसाला त्या सावलीची किंमत सांगावी लागत नाही. झाड तोडलं की दोन्ही कामं थांबतात. रिफ्लेक्टर त्यातलं एकच करतो.

फरशी

सुकी, मोर, गूळ, अनेर, अरुणावती, गोमाई : सातपुड्यातून उतरून तापीला मिळणाऱ्या या नद्या रस्त्याला आडव्या येतात. त्यांच्यावर आणि त्यांच्या नाल्यांवर ठेंगणे फरशी पूल होते. कडेला ओळीने दगड. पाणी फरशीवर आलं तरी दगड दिसत असले तर गाडी हळू काढायची. दगड बुडाले की गाडी बंद करून थांबायचं. डोंगरातला पाऊस ओसरला की पाणी काही तासांत उतरतं. उंच पुलांनी जीव वाचवले, ते हवेच होते. आता पुलावरून जाताना नदी कोणती आणि तिला पाणी किती, हे न कळताच ती ओलांडली जाते.

उतार

उन्हाळ्यात तापीचं पात्र उघडं पडलं की गाड्या, बैल, माणसं जिथून पलीकडे जात, ती जागा म्हणजे उतार. वाळू कुठे घट्ट आणि कुठे दगा देणारी, हे काठावरच्या माणसांना पाठ असे. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजांनी पाणी अडवलं आणि फुगवट्यातले उतार त्याखाली गेले. शेतीला पाणी मिळालं. वाळू ओळखणारी नजर मात्र पुढच्या पिढीकडे आली नाही, कारण ती शिकवायला जागाच उरली नाही.

रिझर्व्ह

टाकीखालची छोटी पितळी चावी. गाडी आचके देऊ लागली की चालत्या गाडीवरच डावा हात खाली नेऊन ती फिरवायची. ‘रिझर्व्हला लागली’ म्हणजे अजून थोडं पेट्रोल आहे, पण तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर आधी शहाद्यातच टाकी भर. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, आणि चावीबरोबर चोकही गेला.

टू-टीचं माप

राजदूत आणि येझदी या मोटारसायकलींना पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून द्यावं लागे. पंपावर त्यासाठी वेगळं माप असायचं. ऑइल ओतल्यावर गाडी हलवून ते मिसळून घ्यायचं. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये ऑइलची टाकी वेगळी होती, पंप स्वतःच ते मिसळायचा. १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली, आणि म्हैसूरच्या कारखान्यातून येझदी निघणंही त्याच साली थांबलं. त्या धुराची हळहळ नको. पण एक कौशल्य होतं : मागे निघणाऱ्या धुराच्या रंगावरून मिश्रण जाड झालं की पातळ, हे मेकॅनिक गाडी उभी करण्याआधीच सांगायचा.

किक

येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच. गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे पाडून गिअर टाकायचे. जुन्या बुलेटला घाईने किक मारली तर ती पाय उलटा फेकायची. म्हणून आधी डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, लिव्हर सोडायचा आणि मग एकच पूर्ण किक. अनेक नव्या गाड्यांना किकच नाही. गुडघा दुखणाऱ्यांना आणि ज्यांना कधी बुलेट सुरू करता आली नाही त्यांना हा रस्ता त्यामुळे खुला झाला, हेही इथे नोंदवायला हवं.

दिव्याचं बटण

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा सतत चालू असतो. बटण गेलं. घाटात रात्री वळणाआधी क्षणभर दिवा घालवून समोरून उजेड येतोय का, हे पाहण्याची सवय त्या बटणाबरोबर गेली.

कंदील

रात्री केळीच्या पट्ट्यातून, रावेर ते यावल, बैलगाड्या चालायच्या. जुवाखाली किंवा आखाजवळ एक कंदील टांगलेला. जमिनीलगत झुलणारा पिवळा ठिपका दिसला की पुढे सावकाश चालणारी गाडी आहे, हे ओळखून वेग कमी करायचा. आता केळी ट्रॅक्टर आणि ट्रकमधून जातात. मागचा दिवा नसलेली ट्रॉली ही त्या कंदिलापेक्षा कितीतरी धोकादायक गोष्ट आहे.

घमेलं

पंक्चरवाल्याकडचं पाण्याचं घमेलं. ट्यूब फुगवून त्यात फिरवायची, बुडबुडे आले तिथे खूण करायची. मग टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधायचा. तो बाभळीचा निघाला तर ‘शेताच्या कडेने आलात का?’ आणि तार निघाली तर ‘टायर बदला’. ट्यूबलेस टायरमध्ये चाक न काढता चिवट पट्टी ठोकली की काम होतं. चालवणाऱ्याचा वेळ वाचतो. ट्यूब उकलून कारण शोधणारा माणूस कमी होत चालला आहे.

पाणपोई

बऱ्हाणपूरने १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावात आणलं. तो कुंडी भंडारा. त्याच गावातून निघालेल्या रस्त्यावर उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया लागत : गवताचं छप्पर, वाळूत रोवलेले ओले फडके गुंडाळलेले रांजण, लांब दांड्याचं ओगराळं. कुणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ. पाणी विकत घ्यावं लागत नसे. यादीतल्या इतर गोष्टींच्या जागी काहीतरी आलं. हिच्या जागी विकतची बाटली आली, आणि ती सगळ्यांना परवडत नाही. ही एक गोष्ट परत आणता येते आणि आणायला हवी.

गोल्डन ब्रिज

अंकलेश्वर आणि भरूच यांच्यामध्ये नर्मदेवरचा लोखंडी पूल. १८८१ साली खुला झाला. २०२१ च्या जुलैमध्ये शेजारी नर्मदा मैया पूल सुरू झाला आणि जुन्यावरची वाहनं थांबली. एकशे चाळीस वर्षं तो वाहतुकीखाली होता. अरुंद पुलावरून दुचाकी जाताना लोखंडाचा आवाज चाकांतून हातांपर्यंत यायचा. खाली नदी समुद्राच्या भरती-ओहोटीने चढत-उतरत असते. सातपुड्यातून आलेल्याला समुद्र जवळ आल्याची पहिली खबर तिथे मिळायची.

यादी

या वाटेची यादी करणारा मी पहिला नाही. झां-बाप्तिस्त तावेर्निए हा फ्रेंच रत्नव्यापारी सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने मुक्कामाची ठिकाणं आणि त्यांच्यामधले कोस लिहून ठेवले. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. व्यापाऱ्याची कोरडी नोंद, नाव आणि अंतर. थाळनेर आज शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव आहे. सुरतेहून आग्र्याला जाणारे तांडे तिथे थांबत, हे त्या कोरड्या नोंदीत राहिलं. त्याने ‘वाटेत पुष्कळ गावं लागली’ एवढंच लिहिलं असतं तर आपल्याला काहीच मिळालं नसतं.

म्हणून या रस्त्याने जाणाऱ्याने नुसते फोटो काढू नयेत. फरशी कोणत्या नदीवर होती, निंब कोणत्या गावाशी तोडले, उतार कुठून कुठे होता, हे तिथल्या माणसाला विचारावं आणि त्याच्याच शब्दांत, गाव आणि वर्षासह लिहून घ्यावं. रुंदीकरण पुढे सरकतं आहे. विचारायची माणसं अजून रस्त्यावर आहेत.