चिमुकली नौका

आमच्या धंतोलीपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी 'बंगाल' नावाच्या एका चिमुकल्या युद्धनौकेचा मला बालपणी फार आधार वाटे. अंगाने लहान म्हणून मला खेळात कोणी घेत नसे. एका सायंकाळी मी रडत घरी आलो, तेव्हा आजोबांनी तिची हकिकत सांगितली.

समुद्रात पेरलेले सुरुंग काढण्यासाठी ही नौका ऑस्ट्रेलियात बांधली गेली. रॉयल इंडियन नेव्हीत दाखल होऊन ती निघाली. सोबत 'ओन्दिना' हे डच तेलवाहू जहाज होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात दोन प्रचंड जपानी जहाजे चालून आली. 'बंगाल'वर मोठी अशी एकच तोफ! तरी सोबत्याला निसटता यावे म्हणून ती थेट शत्रूवर धावली. 'ओन्दिना'नेही पळ न काढता तोफ डागली. शत्रूचे 'होकोकू मारू' पेटले आणि बुडाले. 'ओन्दिना'चा कप्तान कामी आला. पण दोन्ही जहाजे अखेर बंदराला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. माझ्याहून लहान एक मुलगा कडेला एकटाच उभा होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.