नट सुटला पाहिजे

गाडीत जॅकसोबत जो आखूड, वाकडा पाना मिळतो, त्याच्याविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. कचेरीतल्या तक्रारपेटीसारखा तो असतो. आहे, एवढंच.

माझी पत्नी शिक्षिका. डिचोलीहून साखळी-होंडामार्गे वाळपईला रोज स्वतः गाडी चालवत जाते. भर पावसात वाटेत पंक्चर झालं तर मदत कधी मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून नवीन पाना घेताना मी एकच कसोटी लावली : हिच्या हातांनी नट सुटला पाहिजे.

चाकाचे नट अडतात ते गंजामुळे, आणि आपल्याकडच्या पावसाला, खाऱ्या हवेला त्यासाठी बोलावणं लागत नाही. पण खरा त्रास वेगळाच. गॅरेजमधली पोरं हवेच्या गनने नट करकचून आवळतात. तो रस्त्यात एखाद्या बाईमाणसाला सोडवावा लागेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

मारुतीच्या छोट्या गाड्यांना बहुधा १९ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, ह्युंदाईला २१. तरी विकत घेण्याआधी आपल्या नटावर बसवून पाहावा. घ्यावा तो सहा कोनांचाच. बारा कोनांचा पटकन बसतो खरा, पण सगळा जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो आणि गंजलेला नट गोल होतो. मग मेकॅनिकशिवाय गत्यंतर नाही. त्याला दांडी साधी, दोन फुटांची. हिशेब शाळेतलाच : एक फुटाच्या दांडीवर चाळीस किलोंचा भार लागत असेल, तर दोन फुटांच्या दांडीवर वीस पुरतो. रॅचेट मात्र यासाठी नको, त्याचे दात तुटतात.

चाक जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून नट सैल करावेत, जॅक नंतर. दांडी नटाच्या डावीकडे आडवी धरून खाली दाबायची. वर खेचलं की कंबर धरते. गंज दिसला तर नटाच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडून थोडं थांबावं, ब्रेकवर मात्र ते उडू देऊ नये.

गेल्या रविवारी अंगणात हिने चारही नट एकटीने सोडवले. "अहो, आता गॅरेजवाल्याला सांगा, शेवटचा आवळा हातानेच द्यायचा," म्हणाली. सांगितलं. तो हसला, पण गन बाजूला ठेवली.